मोजक्या पैशांत रात्रीचे सकस जेवण

ग्रामीण भागातील कष्टकरी कुटुंबात घरची सारी माणसे एकत्र जेवतात ती बहुधा रात्रीच. सकाळी कामाची घाई असते; दुपारी मुले शाळेत व मोठी माणसे शेतावर वा मजुरीवर असतात. दिवसभरात आहारात राहिलेली उणीव भरून काढण्याची खरी संधी म्हणून रात्रीच्या जेवणालाच मिळते.

ही उणीव लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती, तर १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हाच या आकड्यांचा बोध होय. दारिद्र्य हे कुपोषणाचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. तथापि, हाती असलेला पैसा कशावर खर्च होतो आणि शिजलेले अन्न कोणाच्या ताटात किती पडते, यांवरही बरेच अवलंबून असते.

धान्य आणि डाळ यांची जोड

ज्वारी, बाजरी, गहू व तांदूळ यांतील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो; डाळींत तो भरपूर असतो. डाळींत जे उणे असते ते धान्यात मिळते. दोन्ही एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या पूर्वजांनी हे अनुभवाने जाणले होते. भाकरी व पिठले, खिचडी, कोकणातील कुळथाची पिठी व भात, खानदेशातील ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी ही याचीच उदाहरणे आहेत. खिचडी करताना तीन वाट्या तांदळास एक वाटी डाळ हे प्रमाण उत्तम. वरणात पाणी वाढविल्याने वाटी भरते, पण त्यातील प्रथिने वाढत नाहीत, हे विसरू नये.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जात आहे. यातून वाचलेला पैसा प्रथम डाळ, कडधान्ये व पालेभाजीकडे वळविणे हेच शहाणपणाचे ठरेल. मुलांच्या हाती पडणाऱ्या तळलेल्या खाऊच्या पुड्यांपेक्षा मूठभर भाजलेले शेंगदाणे वा फुटाणे कितीतरी अधिक मोलाचे आहेत. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांइतकी प्रथिने असतात. जे अंडी वा मासे खातात त्यांनी आठवड्यातून काही वेळा अंडी, सुकट वा जवळा घ्यावा.

एका जेवणाचा हिशेब

पती, पत्नी, सासू व शाळेत जाणारी दोन मुले असे पाच जणांचे कुटुंब घेऊ. बाजरीचे पीठ ६०० ग्रॅम, तूरडाळ १५० ग्रॅम, मेथीची एक मोठी जुडी, दाण्याचे कूट ५० ग्रॅम, थोडे तेल, लसूण, मिरची व दोन लिंबे एवढ्या साहित्यात भाकरी आणि डाळमेथीची पातळ भाजी होते. यातून पालेभाजी वगळूनही सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे माणशी सरासरी २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची गरज सुमारे ४६ ग्रॅम आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी गरज एका जेवणात भागते. याप्रमाणे रोज डाळ वापरल्यास महिन्यास साडेचार किलो लागते. तूर महाग असेल तेव्हा मूग, मसूर, मटकी, चवळी वा हरभरा वापरावा; प्रथिनांच्या दृष्टीने यांत फारसा फरक नाही.

बाजरीत लोह तांदळापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. मात्र धान्य व भाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्यासाठी जेवताना लिंबू पिळावे वा आवळ्याची चटणी घ्यावी, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. नाचणीत कॅल्शियम विपुल असते. म्हणून वाढत्या मुलांना आठवड्यातून दोनतीनदा नाचणीची भाकरी वा आंबील द्यावी.

रांधण्यात होणारी गळती

भाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवल्यास जीवनसत्त्वे वाहून जातात. तांदूळ वारंवार चोळून धुऊ नयेत आणि भाताची पेज फेकू नये. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नये, कारण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते; त्याऐवजी ती आधी भिजवावी. कडधान्यांना मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते व लोह अधिक शोषले जाते. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे.

वाटणीचा प्रश्न

एवढे करूनही एक दोष राहतोच. अनेक घरांत गृहिणी सर्वांत शेवटी जेवते, आणि तिच्या वाट्यास भाकरी व उरलेला रस्सा येतो. डाळ व भाजी तोवर संपलेली असते. सरासरी २२ ग्रॅमचा हिशेब अशा घरात कागदावरच राहतो. ती गर्भवती वा अंगावर पाजणारी असेल, तर ही हानी पुढील पिढीपर्यंत पोहोचते. उपाय बिनखर्चाचा आहे : सर्वांनी एकत्र बसावे, आणि ते शक्य नसेल तर वाढण्यापूर्वीच तिची वाटी बाजूस काढावी. ही जबाबदारी एकट्या गृहिणीची नव्हे. ती घरातील कर्त्या पुरुषांनी व वडीलधाऱ्यांनी घ्यावयाची आहे.

शाळा व ग्रामपंचायत

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलास १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. शिक्षकांनी हेच प्रमाण वर्गात प्रत्यक्ष मोजून दाखवावे व मुलांना घरच्या जेवणाशी ताडून पाहण्यास सांगावे. ग्रामपंचायतीने शाळेच्या व अंगणवाडीच्या सांडपाण्यावर शेवगा, लिंबू, पपई यांची लागवड करावी, शेवग्याची रोपे घरोघर द्यावीत. त्याच्या शेंगाच नव्हे, पालाही पौष्टिक असतो. ग्रामसभेत रस्ते व पाणी यांच्या जोडीने गावातील बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदींचाही विचार व्हावा. गावाचा विकास रस्त्याच्या लांबीवर मोजला जातो; तो मुलांच्या उंचीवरही मोजला जावा.