मूत्रमार्गाचे कर्करोग आणि आपली 'उन्हाळी'

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कर्करोगावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु रोग कोणाला होतो, कोठे होतो आणि का होतो, हा प्रश्न एकट्या वैद्यकाचा नाही. तो लोकसंख्येच्या अभ्यासाचाही आहे, आणि भूगोल हा माझा विषय आहे. शिवाय या लेखामागे एक घरचे कारण आहे.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पैठण तालुक्यात शेती करतात. विशीपासून त्यांना विडीची सवय. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला गोठ्यामागे बोलावले आणि हळूच सांगितले, "लघवीला लाल होतंय रे. दुखत-खुपत काही नाही. तू कॉलेजात शिकतोस, तुला काय वाटतं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी म्हणालो, "अण्णा, उन्हाळी लागली असेल. सब्जाचं पाणी घ्या." तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली आणि माझे शहाणपण सिद्ध झाले! दिवाळीनंतर रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तेव्हा शहरात तपासणी झाली. मूत्राशयात गाठ निघाली.

मी जे सांगितले ते किती चूक होते, हे नंतर वाचनातून समजले. उन्हाळीत जळजळ होते. वेदना नसताना लघवीतून रक्त जाणे हे मात्र मूत्राशयाच्या कर्करोगाचे नेहमीचे पहिले लक्षण होय. हे रक्त आपोआप थांबते आणि पुन्हा येते. थांबले म्हणजे बरे झाले, हा समजच घात करतो.

मूत्राशयाचा कर्करोग बहुधा उतारवयात, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांना तीन-चार पट अधिक होतो. तंबाखूचा धूर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. धूर छातीत जातो, मग मूत्राशयाशी त्याचा काय संबंध, असे कोणीही विचारील. धुरातील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात, मूत्रपिंडे ती गाळून काढतात आणि लघवीबरोबर ती मूत्राशयाच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. विडी असो वा सिगारेट, वाट हीच. दुसरे कारण कामधंद्यातले. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यवैद्याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला. तिसरे कारण एक जंत. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी त्याच्यामुळे हा कर्करोग पुष्कळ आढळत असे. तशाच प्रकारच्या मूत्रमार्गातील जंताचे ठाणे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी आढळल्याचे १९५२ साली प्रसिद्ध झाले होते.

या गटातील इतर रोगांचीही अशीच आपापली वाट आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाला तंबाखू, लठ्ठपणा व रक्तदाब पोषक ठरतात. वृषणाचा कर्करोग तरुणांचा. लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांना त्याचा धोका अधिक. वेळीच उपचार झाले तर तो बहुधा बरा होतो. शिश्नाचा कर्करोग अस्वच्छता, न सरकणारी कातडी व विशिष्ट विषाणू यांच्याशी निगडित असून खेड्यांतील गरिबांत अधिक दिसतो. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग वयाबरोबर वाढतो. पाश्चात्त्य देशांत तो फार आढळतो. मात्र तेथे रक्ततपासणीचा प्रघात मोठा असल्याने शोधूनही तो अधिक सापडतो. म्हणजे आकडा रोगाचा असतो, तसाच तो शोधाचाही असतो.

हे आकडे येतात कोठून? मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, अशी नोंदणी १९७८ साली आली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा व मृत्यूच्या नोंदी यांतून नवे रुग्ण शोधतात. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव, वय, पत्ता पडताळतात आणि दर लाख लोकसंख्येमागे प्रमाण काढतात. म्हाताऱ्यांची संख्या जास्त असलेल्या गावाशी तरुण गावाची तुलना फसवी होईल, म्हणून वयाचा फरकही हिशेबात घेतात.

परंतु आपल्या येथील ही नोंदणी शहराच्या हद्दीपुरती चालत आली. अण्णांची गाठ शहरात निघाली, पण अण्णा खेड्याचे. म्हणून शहराच्या प्रमाणात ते धरले जाणार नाहीत. हा नियम शास्त्राला धरूनच आहे. तरीही नकाशावर आमचे गाव कोरे दिसते, तेव्हा तेथे रोग नाही असे कोणी समजू नये, एवढेच माझे म्हणणे.

यावर वाट नाही असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. खेड्यातला माणूस आपणहून रुग्णालयात येत नाही, हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीस आणले. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया रोग थोडा असतानाच येऊ लागल्या. मोजायला गेलेली माणसे अशी जीव वाचवूनही आली.

अण्णांची गाठ दुर्बिणीतून काढली. विडी सुटली आहे. ठरलेल्या मुदतीने त्यांची पुन्हा तपासणी होते. पाच-सहा महिने आधी गेलो असतो तर काय झाले असते, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेले पुष्कळ आहेत. घरची वडील माणसे इतरांपासून लपविलेली गोष्ट आपल्याला विचारतात, कारण आपण शिकलेले! अशा वेळी माहीत नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नये. "उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येतो," एवढे म्हणावे. ते मी गोठ्यामागे म्हणायला हवे होते.