माँटिसेलोची दफनभूमी कुणाची?

प्रश्न : व्हर्जिनियात अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं माँटिसेलो हे घर पाहिलं. घर सर्वांना खुलं, मग दफनभूमीच्या फाटकाला कुलूप का?

उत्तर : कारण ती आजही खासगी आहे. जेफरसन १८२६ मध्ये डोक्यावर मोठं कर्ज ठेवून गेले. १८३१ मध्ये घर विकावं लागलं, पण दफनभूमी कुटुंबानं राखली. १९१३ साली स्थापन झालेली वंशजांची संघटना ती सांभाळते. दफनं अजूनही होतात. जेफरसन यांच्या कबरीवरचा तुम्ही पाहिलेला स्तंभ १८८३चा. मूळ दगडाचे टवके लोकांनी आठवण म्हणून उडवून नेले होते! पुन्हा गेलात तर वाहनतळाजवळची गुलामांची दफनभूमी जरूर पाहा. जेफरसन यांच्या गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील जेफरसनच होते, असं बहुतेक इतिहासकार मानतात; तरी सॅली यांच्या वंशजांना संघटनेनं २००२ मध्ये सदस्यत्व नाकारलं, हा मला उघड अन्याय वाटतो.