पुढचे टायर रुंद केले तर?



मोटारींच्या शर्यतींचा 'ऑटोक्रॉस' नावाचा एक प्रकार आहे. एखादे मोठे, मोकळे पटांगण घ्यायचे, त्यावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. शेजारून दुसरी गाडी धावत नाही. शर्यत असते ती घड्याळाशी. शंकू पाडला तर वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. वाटेवर वळणे इतकी असतात की नुसत्या ताकदवान इंजिनाचा फारसा उपयोग होत नाही. ज्या गाडीचे टायर वळणावर जमीन घट्ट धरून ठेवतात, तिचीच सरशी होते.

आपल्या देशात अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बनवलेल्या लहान शर्यती गाड्या घेऊन 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धेत उतरतात. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ही स्पर्धा भरत आली आहे आणि तिच्यात ऑटोक्रॉसचीही एक फेरी असते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना तर मोटार ही वस्तू मुळीच परकी नाही. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, तिथेच गुडइयरचा टायर कारखाना आहे आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली.

ऑटोक्रॉसचे हौशी चालक पुष्कळदा एक गंमत करतात. गाडीचे मागचे टायर तसेच ठेवून फक्त पुढचे टायर अधिक रुंद बसवतात. यातून दोन प्रश्न उभे राहतात. रुंद टायरने पकड वाढतेच कशी? आणि पुढचेच टायर का? पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण तुमच्या पाठ्यपुस्तकातील घर्षणाचा नियम त्याच्या आड येतो.

वळणावर गाडीला कोण वळवते?

वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूवर केंद्राच्या दिशेने बल लागते, हे तुम्ही शिकला आहात. यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. दोरीला बांधून फिरवलेल्या दगडाला ते दोरी पुरवते. मोटारीला दोरी नसते. तिला हे बल पुरवते ते टायर आणि रस्ता यांच्यामधले घर्षण.

ते किती लागते, हे एका उदाहरणाने पाहू. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत 'स्किडपॅड' नावाची एक चाचणी असते. तिच्यात १५.२५ मीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती ३ मीटर रुंदीची वाट असते. वाटेच्या मधोमध गेलेल्या गाडीच्या मार्गाची त्रिज्या सुमारे ९.१ मीटर होते आणि परीघ सुमारे ५७ मीटर. एक फेरी ६ सेकंदांत पुरी केली, तर वेग सेकंदाला साधारण ९.५ मीटर, म्हणजे ताशी अवघा ३४ किलोमीटर. पण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की त्वरण येते सेकंदावर्गाला सुमारे १० मीटर, म्हणजे जवळजवळ गुरुत्वत्वरणाइतके. याचा अर्थ असा की गाडीच्या वजनाइतकेच आडवे बल टायरांना सोसावे लागते. घर्षणांक १ च्या आसपास नसेल, तर गाडी त्या वर्तुळावर टिकणारच नाही.

पुस्तकातला नियम आणि रबर

फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये घर्षणाचे दोन नियम मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. वीट आडवी ओढा की उभी, जोर तितकाच लागतो. मग टायर रुंद करून काय साधणार?

त्यात आणखी एक गोष्ट आहे. टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या भागाला आपण 'ठसा' म्हणू. समजा, एका चाकावर ३६० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.२ किलोग्रॅम आहे. भार मुख्यतः हवाच पेलते. म्हणून ठशाचे क्षेत्रफळ ३६० भागिले २.२, म्हणजे सुमारे १६४ चौरस सेंटिमीटर. या हिशेबात टायरची रुंदी कुठेच आली नाही! ठसा १६ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची लांबी साधारण १० सेंटिमीटर राहील. रुंदी १८ केली, तर लांबी ९ होईल. म्हणजे रुंद टायरने ठशाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. रुंद टायर म्हणजे जमिनीवर अधिक रबर, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

खरी मेख रबराच्या स्वभावात आहे. लाकूड, धातू यांसारख्या कठीण पदार्थांचे पृष्ठभाग एकमेकांना फक्त बारीक उंचवट्यांवर टेकतात. भार दुप्पट केला की हे खरे स्पर्शबिंदूही जवळजवळ दुप्पट होतात आणि आमोंतोंचा नियम पाळला जातो. रबर मऊ आणि स्थितिस्थापक आहे. ते थोड्या भारानेच रस्त्याच्या खाचाखोचांत शिरून बसते. पुढे भार वाढवला, तरी शिरण्याजोग्या जागा त्या प्रमाणात शिल्लक नसतात. म्हणून भार वाढला की रबराचे घर्षण वाढते खरे, पण भाराइतके वाढत नाही. दुसऱ्या शब्दांत, रबराचा घर्षणांक भाराबरोबर हळूहळू उतरतो.

एक कल्पित टायर

हे आकड्यांत पाहू. खालील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक टायरचे आकडे वेगळे असतात.

भार १०० किलोग्रॅम : घर्षणांक १.१०
भार २०० किलोग्रॅम : घर्षणांक १.०५
भार ३०० किलोग्रॅम : घर्षणांक १.००
भार ४०० किलोग्रॅम : घर्षणांक ०.९५

आता १२०० किलोग्रॅमची गाडी घ्या. इंजिन पुढे आणि इंजिनाची ताकदही पुढच्या चाकांना, अशी ही गाडी आहे. शेंद्र्याला जुळणी झालेली ऑक्टेव्हिया याच जातीची. अशा गाडीत पुढच्या चाकांवर साधारण ६० टक्के भार असतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ३६० आणि मागच्या प्रत्येक चाकावर २४० किलोग्रॅम. चारही टायर सारखेच आहेत.

आमोंतोंचा नियम तंतोतंत खरा असता, तर वेग वाढवत नेल्यावर पुढची आणि मागची चाके एकाच क्षणी निसटली असती. कारण ज्या टोकावर भार जास्त, त्याला अभिकेंद्री बल जास्त लागते आणि घर्षणही त्याच प्रमाणात जास्त मिळते. पण आपल्या कोष्टकाप्रमाणे ३६० किलोग्रॅमला घर्षणांक ०.९७ येतो आणि २४० ला १.०३. म्हणून पुढची चाके आधी हार खातात. चालक चाक फिरवतो, पण गाडी हवी तितकी वळत नाही. ती सरळच पुढे रेटत राहते. याला 'अंडरस्टिअर' म्हणतात.

वळणावर आणखी एक घटना घडते. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून उंच असल्यामुळे भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर सरकतो. समजा, पुढच्या बाहेरच्या चाकावर ५६० आणि आतल्या चाकावर १६० किलोग्रॅम भार झाला. एकूण भार ७२० च राहिला. पण बाहेरच्या चाकाचा घर्षणांक ०.८७ वर उतरला आणि आतल्याचा १.०७ वर चढला. गुणाकार करून पाहा. दोन्ही मिळून सुमारे ६५८ किलोग्रॅम-भार बल मिळते. भार समान वाटलेला असता, तर ६९८ मिळाले असते. ४० किलोग्रॅम-भाराची पकड नुसती भार सरकल्याने गेली!

रुंदीचा लाभ

आता उत्तर हाती येते. रुंद टायरचा घर्षणांक भाराबरोबर तितका झपाट्याने उतरत नाही. म्हणून ज्या टोकावर भार जास्त, तिथे रुंद टायरचा लाभही जास्त.

ठशाच्या आकाराचाही यात वाटा आहे. वळताना चाकाचे तोंड एका दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेने जाते. या दोन दिशांमधील कोनाला आपण 'सरक-कोन' म्हणू. रबराचा एखादा कण ठशाच्या पुढच्या कडेला जमिनीला टेकतो. चाक पुढे जाते तसा तो कण आडवा ताणला जातो आणि ठशाच्या मागच्या कडेपाशी सर्वांत जास्त ताणलेला असतो. ठसा लांब असेल, तर मागचे कण घर्षणाची मर्यादा ओलांडून घसरू लागतात. ठसा आखूड व रुंद असेल, तर ताण कमी राहतो आणि अधिक कण जमीन धरून ठेवतात. म्हणून रुंद टायर चालकाच्या हाताला चटकन प्रतिसाद देतो. शंकूंच्या वाटेवर हे मोलाचे असते.

आउडी कंपनीच्या 'आर.एस. ३' या मोटारीत पाच सिलिंडरांचे जड इंजिन पुढे असते. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या पिढीत पुढचे टायर २६५ मिलिमीटर रुंद आणि मागचे २४५ मिलिमीटर रुंद दिले गेले. ऑटोक्रॉसचे चालक करतात तेच इथे कारखान्याने केले.

नॅनोचे उलटे उदाहरण

मग प्रत्येकाने आपल्या गाडीचे पुढचे टायर रुंद करावेत काय? टाटा मोटर्सची नॅनो आठवा. २००९ साली बाजारात आलेल्या या छोट्या गाडीचे ६२४ घन सेंटिमीटरचे इंजिन मागे होते. साहजिकच मागच्या चाकांवर भार जास्त होता. तिचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद होते आणि मागचे १५५. काहींना ही काटकसर वाटली असेल. पण आपले कोष्टक आता काय सांगते? चारही टायर सारखे असते, तर भार जास्त असलेली मागची चाके आधी निसटण्याचा धोका होता. मागची चाके आधी निसटली की गाडी स्वतःभोवती फिरू लागते. याला 'ओव्हरस्टिअर' म्हणतात. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर देऊन हा धोका कमी केला जातो.

अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर यांत सामान्य चालकाला अधिक घातक कोणता? गाडी वळत नाही असे दिसताच माणूस घाबरून वेग कमी करतो. त्यामुळे भार पुढे सरकतो, पुढची चाके पुन्हा जमीन धरतात आणि गाडी वळते. म्हणजे अंडरस्टिअरमध्ये माणसाची स्वाभाविक हालचालच त्याला तारते. ओव्हरस्टिअरमध्ये उलट घडते. वेग एकदम कमी केला की मागच्या चाकांवरचा भार आणखी घटतो आणि गाडी अधिकच गरगरते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या मोटारी मुद्दामच थोड्या अंडरस्टिअरकडे झुकलेल्या बनवतात. शर्यतीसाठी हा झुकाव काढून टाकणारा चालक वेळ वाचवतो, पण सुरक्षिततेची ती राखीव शिल्लक खर्च करतो. शंकूंच्या मैदानात गाडी फिरली, तर दोन शंकू पडतात. जालना रस्त्यावर फिरली, तर काय होईल ते सांगायला नको.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. टायरखालचे पाणी कडेने बाहेर जावे लागते. रुंद टायरखालच्या पाण्याला अधिक अंतर काटावे लागते. ते वेळेत गेले नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि पकड संपते. शिवाय स्टिअरिंग जड होते आणि टायर मडगार्डला घासू शकतो.

फॉर्म्युला वन शर्यतीतही हा तोल सांभाळावा लागला. २००९ मध्ये तिथे खाचा नसलेले गुळगुळीत टायर परत आले. त्यामुळे पुढच्या चाकांची पकड मागच्यांच्या मानाने फार वाढली. म्हणून २०१० मध्ये पुढच्या टायरची रुंदी २७० वरून २४५ मिलिमीटरवर आणण्यात आली. पुढची पकड वाढवणे हे नेहमीच भले नसते. पुढची आणि मागची पकड एकमेकींना साजेशी हवी.

करून पाहा

फळा पुसायच्या डस्टरएवढा लाकडी ठोकळा घ्या. त्याच्या खालच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. ठोकळा स्वच्छ, कोरड्या फरशीवर ठेवून ताणकाट्याने आडवा, सावकाश ओढा. तो सरकू लागताना काटा किती दाखवतो ते लिहा. मग ठोकळ्यावर ५०० ग्रॅमची वजने एकेक करून वाढवत तेच पुन्हा करा. प्रत्येक वेळी ओढीला एकूण भाराने भागा. प्रत्येक वाचन तीनदा घेऊन सरासरी काढा. नंतर रबर न लावलेल्या ठोकळ्यावर सारा प्रयोग परत करा आणि दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणती रेषा आडवी राहते आणि कोणती खाली कलते?

सोडवून पाहा

१. स्किडपॅडची फेरी ५ सेकंदांत पुरी करायची असेल, तर घर्षणांक किती लागेल?

२. टायरवर '१८५/६० आर १५' असे लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या ६० टक्के बाजूची उंची आणि १५ हा रिमचा इंचांमधील व्यास. या चाकाचा पूर्ण व्यास काढा. आता रुंदी २०५ हवी. पण व्यास बदलला तर वेगदर्शक चुकेल. मग '२०५/६०' घ्याल की '२०५/५५'?

उत्तरे : १. सुमारे १.५. २. मूळ व्यास ६०३ मिलिमीटर. २०५/६० चा ६२७ आणि २०५/५५ चा सुमारे ६०६.५. म्हणून २०५/५५.