पर्यटन : शेतीचे आंतरपीक
नाशिकच्या द्राक्षबागांपासून भातशेतीने घ्यावयाचा धडा



भिवंडीहून वाड्याकडे जाताना नदीनाका ओलांडला की शेलार लागते. कामवारी नदीकाठच्या या पट्ट्यात यंत्रमाग आणि गोदामे वाढली, तरी रस्त्यापासून थोडे आत गेले की भाताची खाचरे अजून आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे आपल्याच तालुक्यात आहे. मुंबई-ठाण्याची कुटुंबे नाशिकच्या द्राक्षबागा पाहण्यासाठी आपल्या दारावरून जातात. त्यामुळे प्रशिक्षण वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, नाशिकला जमले ते आपल्याकडे का जमणार नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी नाशिकला नेमके काय घडले ते पाहू.

नाशिकला काय घडले?

निफाड, दिंडोरी भागात खाण्याच्या द्राक्षांची शेती फार पूर्वीपासून रुजलेली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री आणि एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांचे तंत्र शेतकऱ्यांच्या हाती होते. १९८० च्या दशकात निफाड तालुक्यात आणि पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे वाईननिर्मितीचे प्रयत्न झाले. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला वाईनरी उभारली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाईनवरील उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर येथे वाईन पार्क आकारास आले. शॅनिन ब्लाँ, सॉव्हिनियाँ ब्लाँ, शिराझ यांसारख्या जाती शेतकऱ्यांनी कराराने लावल्या. पाहुण्यांसाठी चव घेण्याचे दालन सुलाने २००५ मध्ये सुरू केले. निवासाची सोय आणि संगीत महोत्सव त्यानंतर आले.

हा क्रम ध्यानात ठेवावा : आधी वेल, मग वाईन आणि शेवटी पर्यटक. जानेवारी ते मार्च हा वाईनच्या द्राक्षांच्या काढणीचा काळ. तेव्हा लोक बाग पाहतात, द्राक्षे तुडवतात आणि जाताना बाटली विकत घेतात. बांधावरच विक्री झाल्याने मधला खर्च वाचतो. पर्यटनाचा खरा फायदा येथे आहे. प्रवेश फी ही दुय्यम बाब होय.

२००९ चा धडा

२००८ मध्ये जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेल व्यवसाय बसला. वाईनचे साठे पडून राहिले. काही कारखान्यांनी द्राक्षे उचलणे कमी केले, काहींकडे शेतकऱ्यांचे पैसे थकले. वाईनची द्राक्षे बारीक मण्यांची, बियांची व जाड सालीची असतात. खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. परिणामी अनेक शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वेली उपटून टाकल्या. पुढे २०२० मध्ये टाळेबंदीत पर्यटनच बंद झाले.

यावरून एकच कसोटी घालून घ्यावी : वर्षभर एकही पाहुणा आला नाही तरी शेती उभी राहील काय? उत्तर 'होय' असेल तरच पुढे जावे. म्हणूनच पर्यटन हे मुख्य पीक न मानता आंतरपीक मानावे. मुख्य पिकाचे पाणी, मजूर आणि वेळ जे ओढून घेत नाही, तेच चांगले आंतरपीक.

आपले पीक कोणते?

भिवंडी परिसरात वाईनची द्राक्षे लावण्याच्या मोहात पडू नये. येथील जोरदार पाऊस व दमट हवेत केवडा, भुरी आणि करपा या रोगांचा बंदोबस्त परवडणार नाही. आपली ताकद भातात आहे. याच रस्त्याने पुढे गेल्यावर येणाऱ्या वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणारे भाविक आजही याच वाटेने जातात. पाहुणा आणण्याचा खर्च करावा लागत नाही. त्याला थांबण्याचे कारण मात्र द्यावे लागते. नेरळजवळच्या सगुणाबागेने भातशेती, मत्स्यतळे आणि पाहुणचार यांची सांगड घालून दाखविली आहे.

पाहुण्यांचे पीक वेळापत्रक

जून : टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्यांची ओळख व घरचे जेवण.
जुलै : लावणी (आवणी).
ऑक्टोबर-नोव्हेंबर : कापणी, झोडणी, नव्या तांदळाची भाकरी.
डिसेंबर-फेब्रुवारी : वाल, हरभरा, भाजीपाला; तांदूळ विक्रीचा मुख्य हंगाम.
एप्रिल-मे : आंबा, करवंद, जांभूळ.

लावणीबाबत विशेष सूचना आहे. हौशी माणूस रोपे खोल दाबतो, एका चुडात सात-आठ रोपे घालतो. फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. म्हणून पाहुण्यांसाठी घराजवळचे एक-दोन गुंठ्यांचे वेगळे खाचर राखावे. २० × १५ सेंटीमीटर अंतराची दोरी लावून द्यावी. चुडात दोन-तीन रोपे आणि ती उथळ लावावीत, हे करून दाखवावे. आठवड्याभरात नांगे भरून घ्यावेत. मुख्य खाचरात पाहुण्यांना उतरवू नये.

हिशेब कसा मांडावा?

समजा, एकरी १६ क्विंटल भात निघाले. भरडाईत ६५ टक्के उतारा धरल्यास सुमारे १० क्विंटल तांदूळ होतो. घरासाठी ४ क्विंटल ठेवल्यास ६ क्विंटल, म्हणजे ५ किलोच्या १२० पिशव्या उरतात. एका कुटुंबाने एकच पिशवी नेली तरी १२० कुटुंबे पुरेत. चार महिन्यांत आठवड्याला सात-आठ. यासाठी बंगले बांधण्याची किंवा कर्ज काढण्याची गरज नाही. कोंडा आणि पेंढाही गुरांना राहतो. जेवण घरच्या स्त्रिया करतात, म्हणून त्यांच्या श्रमाची मजुरी खर्चात धरावी व ती त्यांच्याच खात्यात जमा करावी. पर्यटनाची वही शेतीच्या वहीपासून वेगळी ठेवावी.

गोदामाच्या भाड्याशी या उत्पन्नाची बरोबरी होणार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. तुलना करावयाची ती भात व्यापाऱ्याच्या दारात घालण्याशी. मात्र भराव टाकण्यापूर्वी एक विचार जरूर करावा. खाचराचा बांध आणि वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तयार झालेला पाणी धरणारा थर ही पिढ्यांची कमाई आहे. त्यावर मुरूम पडला की तेथे पुन्हा भात उभे राहत नाही. गरज कोणाला चुकलेली नाही. पण द्यायचीच झाली तर सगळी जमीन एकदम देऊ नये, निदान घराजवळचे खाचर राखावे.

नोंदणी व दक्षता

१) राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी. अन्नपदार्थ विक्रीसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी घ्यावी.
२) परवान्याशिवाय वाईन वा कोणतेही मद्य देऊ नये. नाशिकचे अनुकरण येथे करू नये.
३) पायाला जखम असणाऱ्यास चिखलात उतरू देऊ नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.
४) फवारणीनंतर औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत शेतात पाहुण्यांना नेऊ नये व तेथील भाजी तोडू देऊ नये.
५) पावसाळ्यात नदी व ओढ्यावर पाहुण्यांना एकटे सोडू नये. सर्पदंशावर उपचार होणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी दर्शनी भागात लिहून ठेवावा.

थोडक्यात, पहिल्या वर्षी एक खाचर, एक हंगाम आणि मोजकी कुटुंबे एवढ्यावरच सुरुवात करावी. वर्षअखेरीस वही उघडून पाहावी. किती तांदूळ बांधावर विकला गेला आणि मुख्य पिकाचे उत्पादन घटले काय, या दोन आकड्यांवरून पुढचे पाऊल ठरवावे.