शाळा मंडळासाठी मतदारसंघ : शिकागो शहरातील सीमांकनाचा अभ्यास

नगरपालिकेच्या प्रभाग रचनेचा प्रारूप आराखडा कचेरीच्या फलकावर लागला की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आमची गल्ली कोणत्या प्रभागात गेली? प्रगणक गटांची यादी, जनगणनेची बेरीज, सीमेवरील नाला किंवा रस्ता, हरकती व सूचनांची मुदत, या गोष्टी आपल्याकडील अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना अपरिचित नाहीत. परंतु निवडावयाची संस्था संपूर्ण शहराचा कारभार पाहणारी नसून केवळ शाळांचा कारभार पाहणारी असेल, तर त्या बेरजेत कोणाला धरावे? शहरात राहणाऱ्या सर्वांना, मत देणाऱ्यांना, की ज्यांची मुले त्या शाळांत बसतात त्यांना?

महाराष्ट्रात हा प्रश्न या स्वरूपात उभा राहिला नाही. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ अन्वये नगरपालिका क्षेत्रात जी शाळा मंडळे स्थापन झाली, त्यांचे सदस्य नगरसेवकांकडून निवडले जात; नागरिक त्यांच्यासाठी थेट मतदान करीत नसत. पुढे तीही मंडळे राहिली नाहीत. अमेरिकेत मात्र बहुसंख्य शालेय जिल्ह्यांची मंडळे थेट मतदानाने निवडली जातात. याला दीर्घकाळ अपवाद होते ते इलिनॉय राज्यातील शिकागो शहर. तेथे मंडळाची नेमणूक महापौर करीत आणि १९९५ च्या कायद्याने तर मंडळ व मुख्य कार्यकारी अधिकारी हे दोन्ही पूर्णपणे महापौरांच्या हाती गेले. ही व्यवस्था बदलून निवडणुकीसाठी प्रथमच नकाशा आखण्याची वेळ या शहरावर आली, आणि म्हणून वरील प्रश्नाचा अभ्यास करण्यास शिकागोसारखे दुसरे उदाहरण नाही.

मागणीच्या मुळाशी काय होते

२०१३ साली शिकागोच्या नियुक्त मंडळाने सुमारे ५० शाळा एकाच वेळी बंद करण्याचा निर्णय घेतला. विद्यार्थिसंख्या घटली आहे आणि इमारती रिकाम्या पडत आहेत, असे कारण देण्यात आले. ते सर्वस्वी खोटे नव्हते. शहरातील कृष्णवर्णीय लोकसंख्या १९८० मध्ये सुमारे १२ लक्ष होती. २०२० च्या जनगणनेत ती ८ लक्षांहूनही थोडी कमी भरली. परंतु बंद झालेल्या शाळा प्रामुख्याने दक्षिण व पश्चिम भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांत होत्या, आणि तेथील पालकांना या निर्णयाबद्दल जाब विचारण्यासाठी मंडळावर आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. सभेत निवेदन करता येत होते, मत देता येत नव्हते.

त्यानंतरच्या आंदोलनाचे फलित म्हणजे २०२१ चा कायदा. राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर यांनी जुलै २०२१ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. मंडळ २१ सदस्यांचे व्हावे, २० सदस्य २० मतदारसंघांतून आणि अध्यक्ष संपूर्ण शहरातून निवडला जावा, असे त्यात ठरले. हा बदल दोन टप्प्यांत व्हावयाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये १० सदस्य निवडून आले व अध्यक्षासह ११ महापौरांनी नेमले. संपूर्ण निवडून आलेले मंडळ जानेवारी २०२७ पासून, असा क्रम कायद्याने घालून दिला. मतदारसंघांचा नकाशा राज्याच्या विधिमंडळाने १ जुलै २०२३ पर्यंत तयार करावयाचा होता. ती मुदत टळली, पुढे १ एप्रिल २०२४ पर्यंत वाढवावी लागली, आणि नकाशा अखेर मार्च २०२४ मध्ये मंजूर झाला. विलंबाला राजकीय कारणे होतीच. परंतु नकाशाच्या अडचणीचे खरे मूळ अंकगणितात होते.

एक शहर, दोन फूटपट्ट्या

२०२० च्या जनगणनेनुसार शिकागोची लोकसंख्या २७ लक्ष ४६ हजार ३८८. तिला २० ने भागले की प्रत्येक मतदारसंघास सुमारे १ लक्ष ३७ हजार लोक येतात. इथवर कोणताही लिपिक हिशेब करून देईल. या लोकसंख्येत गोरे सुमारे ३१ टक्के, लॅटिन अमेरिकी वंशाचे, म्हणजे लॅटिनो, सुमारे ३० टक्के आणि कृष्णवर्णीय सुमारे २९ टक्के. तिन्ही समाज जवळजवळ समसमान. आता शहराच्या सार्वजनिक शाळांचा पट पाहावा. २०२३-२४ या शालेय वर्षात पटावर सुमारे ३ लक्ष २३ हजार विद्यार्थी होते. त्यांत लॅटिनो सुमारे ४७ टक्के, कृष्णवर्णीय सुमारे ३५ टक्के आणि गोरे सुमारे ११ टक्के.

हे दोन आकडे २० जागांवर मांडून पाहिले की वादाचे स्वरूप उघड होते. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास प्रत्येक समाजाच्या वाट्याला साधारण सहा-सहा जागा येतील. पटाच्या प्रमाणात पाहिल्यास लॅटिनोंच्या वाट्याला नऊ, कृष्णवर्णीयांच्या सात आणि गोऱ्यांच्या केवळ दोन. आपल्याकडील आरक्षणाप्रमाणे तेथे जागा कोणासाठी राखीव नसतात. कोणत्या मतदारसंघात कोणता समाज बहुसंख्य ठेवावयाचा, एवढेच नकाशा आखणाऱ्याच्या हाती असते. तरीही सहा आणि दोन यांतील अंतर लहान म्हणता येणार नाही. मे २०२३ मध्ये पहिला प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा पालकांच्या संघटनांनी नेमका हाच आक्षेप घेतला : हा नकाशा शहराचा झाला, शाळांचा झाला नाही.

मग शाळांचा नकाशाच का करू नये? येथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल लक्षात घेतले पाहिजेत. न्यूयॉर्क राज्यातील काही शालेय जिल्ह्यांत असा नियम होता की, ज्याची स्वतःची किंवा भाडेपट्ट्याची करपात्र मिळकत आहे, अथवा ज्याचे मूल सार्वजनिक शाळेत आहे, त्यानेच मंडळाच्या निवडणुकीत मत द्यावे. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या एका अविवाहित गृहस्थाने त्यास आव्हान दिले. १९६९ मध्ये न्यायालयाने नियम रद्द केला. शाळेच्या कारभारात रस असणारा माणूस केवळ पालकच असतो असे गृहीत धरता येत नाही, हे त्या निकालाचे सार होय. पुढच्याच वर्षी मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी भागाच्या कनिष्ठ महाविद्यालय जिल्ह्याचा वाद आला. तेथे विश्वस्तांच्या जागा ६ ते २० वर्षे वयाच्या मुलांच्या गणतीवरून वाटल्या जात. कॅन्सस सिटीकडे या गणतीतील सुमारे ६० टक्के मुले असूनही तिला सहापैकी तीनच विश्वस्त मिळत. १९७० च्या निकालाने ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व शिक्षणसंस्थेच्या निवडणुकीसही लागू झाले.

तात्पर्य, मंडळ शाळांचे असले तरी मतदार शहराचा, आणि जनगणनेच्या लोकसंख्येने मतदारसंघ समान करणे हाच सुरक्षित मार्ग. पट पाहावयाचा तो त्या मर्यादेच्या आत, रेषा इकडे घ्यावी की तिकडे हे ठरविताना.

मोजले जाणारे आणि मत देणारे

समान लोकसंख्या म्हणजे समान मतदार नव्हेत, ही गोष्ट नकाशे करणाऱ्यांस ठाऊक असते, पण हरकती घेणाऱ्यांच्या ध्यानात ती क्वचितच येते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मतदारसंघात १ लक्ष रहिवासी आहेत. त्यांत मुले २८ हजार आणि नागरिकत्व नसलेले प्रौढ १७ हजार. मताधिकार उरतो ५५ हजारांना. शेजारच्या मतदारसंघातही १ लक्षच रहिवासी. पण मुले १५ हजार आणि नागरिकत्व नसलेले प्रौढ ५ हजार. येथे मताधिकार ८० हजारांना. कागदावर दोन्ही मतदारसंघ समान आहेत आणि २०१६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकूण लोकसंख्येवर आधारलेली अशी रचना वैध मानली आहे. यात अन्याय आहे असे मला वाटत नाही. मुले मत देत नसली तरी शाळा त्यांचीच आहे, आणि त्यांना मोजूनच प्रतिनिधी ठरविणे शाळा मंडळाच्या बाबतीत अधिक योग्य.

अडचण निराळी आहे. पहिल्या मतदारसंघात लॅटिनो रहिवासी निम्म्याहून थोडे अधिक असले, तरी त्यांच्यात मुले व नागरिकत्व नसलेले लोक जास्त असल्यामुळे मतदारांत ते निम्म्याहून कमी भरू शकतात. नकाशावर बहुसंख्य, मतपेटीत अल्पसंख्य. म्हणून त्यांना आपला उमेदवार खरोखर निवडता यावा असे वाटत असेल, तर बहुमत काठावरचे ठेवून चालत नाही. दुसऱ्या टोकाला, एकाच मतदारसंघात त्यांची फार दाटी केली तर शेजारच्या दोन मतदारसंघांतील त्यांचे बळ नाहीसे होते. शिकागोत कृष्णवर्णीय वस्ती दक्षिण व पश्चिम भागात सलग आहे. लॅटिनो वस्ती नैऋत्य व वायव्य अशा दोन दिशांना विभागलेली आहे. सीमा तर सलग व आटोपशीर हवी. ओढून-ताणून आखलेल्या मतदारसंघांची अपकीर्ती अमेरिकेत जुनी आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला, म्हणून अशा चलाखीस ‘जेरीमँडर’ हे नावच पडून गेले.

शाळांच्या हद्दी धरून रेषा आखाव्यात, ही सूचना ऐकावयास चांगली वाटते. परंतु शिकागोतील माध्यमिक वर्गांचे बहुसंख्य विद्यार्थी आपल्या वस्तीच्या शाळेत न जाता अन्यत्र जातात. शाळा एका मतदारसंघात, पालकाचे मत दुसऱ्यात. ही गाठ कोणत्याही रेषेने सुटत नाही.

२०२४ च्या टप्प्यासाठी जी युक्ती योजण्यात आली ती आपल्याकडील सीमांकन अधिकाऱ्यांना रंजक वाटेल. नकाशा २० मतदारसंघांचाच ठेवला आणि दोन-दोन शेजारी जोडून १० मतदारसंघ केले. प्रत्येकाची लोकसंख्या सुमारे २ लक्ष ७५ हजार. निवडून आलेला सदस्य जोडीतील ज्या भागात राहतो, त्याच्या दुसऱ्या भागातील रहिवाशाची नेमणूक महापौरांनी करावयाची. त्यामुळे पहिल्याच दिवशी सर्व २० भागांतील माणूस मंडळावर आला आणि २०२६ च्या निवडणुकीसाठी नवा नकाशा करण्याची गरज उरली नाही.

बॉस्टनचा अनुभव

मतदारसंघच नसले तर काय होते, याचे उदाहरण बॉस्टन. तेथील पाच सदस्यांची शाळा समिती संपूर्ण शहरातून निवडली जाई. शहरभर मतदान असले की संख्येने मोठा गट पाचही जागा घेऊ शकतो. १९७७ मध्ये जॉन ओब्रायंट निवडून येईपर्यंत विसाव्या शतकात एकही कृष्णवर्णीय सदस्य त्या समितीवर नव्हता, आणि दरम्यान १९७४ मध्ये शाळांतील वर्णभेदाबद्दल न्यायालयाने याच समितीस दोषी धरले होते. १९८१ मध्ये मतदारांनी ९ मतदारसंघ व ४ शहरव्यापी जागा अशी १३ जणांची रचना स्वीकारली. परंतु नकाशा आखला तो १९७५ च्या राज्य गणतीवर, १९८० ची राष्ट्रीय जनगणना उपलब्ध असताना. १९८३ च्या उन्हाळ्यात, निवडणूक तोंडावर आली असता, न्यायालयाने तो रद्द केला आणि शहराला घाईने नवी आखणी करावी लागली. जुने आकडे वापरण्याचा मोह किती महाग पडतो, याचे हे चांगले उदाहरण. १९९२ पासून बॉस्टनची समितीच महापौर नियुक्त झाली. २०२१ मध्ये झालेल्या सल्लावजा मतदानात सुमारे ७९ टक्के मतदारांनी पुन्हा निवडणूक मागितली असली, तरी ती मिळालेली नाही.

शिकागोच्या नकाशाबाहेर एक वर्ग मात्र राहिलाच : ज्यांची मुले पटावर आहेत, पण ज्यांना नागरिकत्व नाही असे पालक. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ च्या मतदानाने अशा पालकांना शाळा मंडळापुरता मताधिकार दिला. न्यूयॉर्कच्या स्थानिक शाळा मंडळांत तो १९७० पासून ती मंडळे रद्द होईपर्यंत होता. शिकागोत तो मंडळासाठी नाही. पण १९८८ च्या कायद्याने तेथे शाळाशाळांतून स्थानिक परिषदा निर्माण झाल्या, आणि त्यांच्या निवडणुकीत नागरिकत्वाची अट नाही. सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक व मुख्याध्यापक अशी त्यांची मूळ रचना आपल्या शिक्षण हक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीची आठवण करून देते, जिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या परिषदांसाठी रेषा आखावी लागत नाही. शाळेचा पट हीच मतदारयादीची सुरुवात असते.