विमानासाठी हलका, पण चिवट पदार्थ

विमानाच्या बांधणीत वजनाला अनन्यसाधारण महत्त्व असते. सांगाडा जितका हलका, तितके इंधन कमी लागते अथवा तितका अधिक भार वाहून नेता येतो. पोलाद पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड आहे, तर ॲल्युमिनियम केवळ २.७ पट. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांनी ॲल्युमिनियममध्ये तांबे व मॅग्नेशियम मिसळून ते कणखर करण्याची रीत शोधली. त्यातून विमानांना 'ड्युरॅल्युमिन' ही मिश्रधातू लाभली.

धातूचा शीण

परंतु केवळ हलकेपणा पुरेसा नाही. उंचावर उडताना विमानाच्या आत हवेचा दाब राखावा लागतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात कवच किंचित फुगते व पुन्हा पूर्ववत होते. हे हजारो वेळा घडले की धातूस शीण येऊन बारीक तडा पडतो. १९५४ मध्ये 'कॉमेट' जातीची दोन ब्रिटिश प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच दुभंगली व त्यांतील सर्वजण मृत्युमुखी पडले. पुढे फार्नबरो येथे एक कॉमेट विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर वारंवार दाब देण्यात आला, तेव्हा ही दुर्बलता सिद्ध झाली.

तडा रोखणारे थर

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी या समस्येवर 'ग्लेअर' हा संमिश्र पदार्थ विकसित केला. ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ पत्रे आणि इपॉक्सी राळेत बसविलेले काचतंतू यांचे थर आलटून पालटून रचतात व उष्णता आणि दाब देऊन ते एकजीव करतात. एखाद्या पत्र्यास तडा गेला, तरी लगतचे तंतू अखंड राहतात. ते तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात व भार स्वतः पेलतात. परिणामी तडा फार मंद गतीने वाढतो आणि तपासणीत तो सापडण्यास पुरेसा अवधी मिळतो. शिवाय हा पदार्थ ॲल्युमिनियमहून काहीसा हलकाही आहे.

२००५ मध्ये प्रथम उडालेल्या 'एअरबस ए-३८०' या महाकाय विमानाच्या कवचाच्या वरच्या बाजूचा मोठा भाग ग्लेअरचा आहे. त्या विमानाचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. ग्लेअर तयार करणे खर्चिक असल्याने त्याचा प्रसारही मर्यादित राहिला. तथापि, पदार्थ किती हलका आहे याबरोबरच, तडा गेल्यावर तो कसा वागतो हेही पाहिले पाहिजे, हा त्यामागील विचार विमानविद्येस मोलाचा ठरला आहे.