घनतेचे एकक आणि धान्याचे माप

घनतेच्या एककांचे रूपांतर हा शालेय विज्ञानातला लहानसा भाग. त्यावर इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. विज्ञानाचे सहकारी रजेवर असताना तो तास आम्हाला घ्यावा लागला, एवढेच निमित्त. पाऱ्याची घनता १३.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे, ती किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये लिहा, असे आम्ही सांगितले. निम्म्या वह्यांत उत्तर आले ०.०१३६. ग्रॅमचे किलोग्रॅम करताना हजाराने भागतात, म्हणून मुलांनी भागले. घन सेंटीमीटरकडे कोणी पाहिलेच नव्हते.

उत्तर चूक आहे असे न म्हणता आम्ही हवेची घनता सांगितली: एका घन मीटरमध्ये सुमारे १.२ किलोग्रॅम. हायड्रोजनची त्याहून कितीतरी कमी, सुमारे ०.०९. म्हणजे मुलांच्या वहीतला पारा हायड्रोजनपेक्षाही हलका ठरला. बाटलीचे बूच काढताच तो वसतिगृहाच्या छपरावरून निघून गेला असता. वर्ग हसला, आणि मग ऐकू लागला.

एका मीटरात १०० सेंटीमीटर, म्हणून एका घन मीटरात १०० × १०० × १००, अर्थात १०,००,००० घन सेंटीमीटर. त्या प्रत्येकात १३.६ ग्रॅम पारा धरला, तर एकूण १,३६,००,००० ग्रॅम. त्याचे किलोग्रॅम झाले १३,६००. हजाराने भागावे लागते हे खरेच; पण त्याआधी दहा लाखांनी गुणावे लागते. निव्वळ परिणाम हजारपट. उलट दिशेने जाताना हजाराने भागावे. ग्रॅम प्रति मिलिलिटर, किलोग्रॅम प्रति लिटर आणि टन प्रति घन मीटर यांत आकडा ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरइतकाच राहतो. धान्याच्या व्यापारात किलोग्रॅम प्रति हेक्टोलिटर हे एकक आढळते. हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. त्या आकड्यास दहाने गुणले की किलोग्रॅम प्रति घन मीटर मिळतात.

पाण्याची घनता नेमकी १ यावी, हा योगायोग नव्हे. ७ एप्रिल १७९५ च्या फ्रेंच कायद्याने एक घन सेंटीमीटर शुद्ध पाण्याच्या वजनावरूनच ग्रॅम ठरविला. हा कायदा केवळ विद्वानांच्या सोयीसाठी झाला नव्हता. १७८९ मध्ये फ्रान्सच्या गावोगावांतून राजाकडे ज्या तक्रारवह्या गेल्या, त्यांत सरंजामदारांच्या मापांविरुद्धची गाऱ्हाणी वारंवार येतात. धान्याचे माप सरंजामदाराचे, ते कसे भरायचे हेही त्याच्याच हाती. शीग लावून भरले तर जास्त, रेघून भरले तर कमी. राज्यात एकच वजन व एकच माप असावे, ही मागणी तेथून आली.

हे वाचताना आम्हाला परकेपणा वाटत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांना शेतमजुरी धान्यात मिळे. पायली, शेर, मापटे, चिपटे हे शब्द आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले. मजुरी देताना माप रेघून द्यायचे आणि उसने दिलेले परत घेताना शिगेसह घ्यायचे, असे त्यांनी सोसले होते. शीग निदान डोळ्यांना दिसते. किडक्या ज्वारीची फसवणूक दिसतही नसे. दाणा आतून पोखरलेला असला तरी जागा जवळपास तेवढीच व्यापतो. पायली भरते, पण घरी नेल्यावर पीठ कमी पडते. आकारमान तेच, वस्तुमान कमी, म्हणजे घनता कमी. ज्यांना शाळेचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्यांना हे कळत नव्हते असे नाही. ते मोजून दाखविण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा २८ डिसेंबर १९५६ चा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा बावीस दिवस झाले होते. या दोन तारखांत कार्यकारणसंबंध शोधण्याचा आमचा हेतू नाही. इतिहासाच्या शिक्षकाचे लक्ष तिकडे जाते, इतकेच. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली.

आता वसतिगृहाच्या कोठारातील एक कोठी डोळ्यांसमोर आणू. लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी ६०, उंची १००, आकारमान ०.३६ घन मीटर. चांगला गहू ७८ किलोग्रॅम प्रति हेक्टोलिटर धरला, तर ७८० किलोग्रॅम प्रति घन मीटर, कोठीत २८०.८ किलोग्रॅम गहू मावेल. कीड लागलेला गहू ७२ भरला, तर त्याच कोठीत, त्याच काठापर्यंत, २५९.२ किलोग्रॅम. कोठी दोन्ही वेळा भरलेलीच दिसते, आणि मुलांच्या ताटातले २१.६ किलोग्रॅम कमी झालेले असतात.

ही पडताळणी पालकांना घरीही करता येईल. एक लिटरचे माप घ्यावे, गहू थोड्या उंचीवरून ओतावा, माप हलवू वा ठोकू नये, सरळ पट्टीने वरून रेघावे आणि आतला गहू ताजव्यावर तोलावा. जितके ग्रॅम भरतील, तितकेच किलोग्रॅम प्रति घन मीटर. गुणाकार नाही, भागाकार नाही. दोन पोत्यांची तुलना करावयाची असेल, तर दोन्ही वेळा ओतण्याची उंची तीच ठेवावी.